एका शनिवारी एकच भाग : एपिसोडिक गेम्सची माझी क्रमवारी

भागाभागांनी आलेले कथाप्रधान गेम सलग बसून संपवले, तर त्यांची अर्धी ताकद वाया जाते. गेले कित्येक महिने हेच गेम खेळल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. आता यातले जवळपास सगळे गेम पूर्ण संचात विकत मिळतात, त्यामुळे पुढच्या भागाची वाट कोणालाच पाहावी लागत नाही. आम्ही ती मुद्दाम पाहिली. शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी आणि माझी धाकटी बहीण एक भाग खेळायचो, आणि मग पुढच्या शनिवारपर्यंत त्या गेमला हात लावायचा नाही. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. एकमत झालं नाही, तर कंट्रोलर ज्याच्या हातात त्याचं ऐकायचं.

क्रमवारी लावतानाही म्हणून मी ग्राफिक्स, किती तासांचा खेळ, किती वेगवेगळे शेवट हे सगळं मागे ठेवलं. भाग संपल्यावर आठवडाभर आम्ही काय बोललो, एवढंच पाहिलं. नुसतं ‘पुढे काय होणार’ बोललो असू, तर तो गेम खाली. ‘आपण केलं ते बरोबर होतं का’ यावरून भांडलो असू, तर तो वर. पुढे कथेतल्या महत्त्वाच्या घटना येतात, विशेषतः पहिल्या तीन गेम्सच्या. ज्यांना काहीही कळू न देता खेळायचं आहे, त्यांनी थेट शेवटचे दोन परिच्छेद वाचावेत.

पहिला क्रमांक टेलटेल या स्टुडिओच्या ‘द वॉकिंग डेड’च्या पहिल्या सीझनला, आणि तो देताना मला फारसा विचार करावा लागला नाही. २०१२ च्या एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये याचे पाच भाग आले. जॉर्जियामधला ली एव्हरेट पोलिसांच्या गाडीतून तुरुंगाकडे निघालेला असतो, वाटेत अपघात होतो, मेलेली माणसं उठून चालू लागलेली असतात, आणि एका घराच्या परसातल्या झाडावरच्या खोलीत लपलेली आठ वर्षांची क्लेमेंटाइन त्याला भेटते. तिचे आईवडील सवानाला गेलेले आहेत. इथून पुढे तिला सांभाळणं हाच खेळ. झॉम्बी आहेत, पण ते निमित्त.

दुसऱ्या भागाच्या शेवटी या उपाशी टोळीला जंगलात एक गाडी सापडते. दिवे चालू, दार उघडं, मागे खाण्यापिण्याचं सामान भरलेलं, आणि आसपास कोणी नाही. घ्यायचं की नाही? क्लेमेंटाइनला ते पटलेलं नसतं, ती म्हणते हे कोणाचं तरी असेल. माझी बहीणही तेच म्हणाली, “दादा, नको. येतील ते परत.” आम्ही नकार दिला. टोळीतल्या बाकीच्यांनी तरीही गाडी रिकामी केली. त्या क्षणी वाटतं, आपल्या निर्णयाला काहीच किंमत नव्हती.

मग येतो पाचवा भाग. सवानातल्या एका हॉटेलच्या खोलीत तो गाडीवाला लीसमोर बसलेला असतो. त्याचं कुटुंब कसं उद्ध्वस्त झालं ते तो सांगतो, आणि पहिल्या भागापासून तुम्ही काय काय केलंत ते एकेक काढून तुमच्यासमोर ठेवतो. ज्याने सामान घेतलं त्यालाही उत्तर द्यावं लागतं, ज्याने घेतलं नाही त्यालाही. फरक एवढाच, की तुमच्याकडे उत्तर काय आहे. मधले आठवडे जाऊ दिल्यामुळे तो गाडीवाला आमच्या डोक्यातून पार गेलेला होता. तो बोलू लागला आणि बहिणीने माझा हात धरला. सलग खेळलो असतो तर ती गाडी काही तासांपूर्वीचीच असती, आणि तो माणूस अचानक उगवल्यासारखा वाटला नसता.

या गेमवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे, निवड खोटी आहे. पहिल्या भागात डग किंवा कार्ली यांपैकी एकालाच वाचवता येतं, आणि ज्याला वाचवाल तो तिसऱ्या भागात मरतोच. हे खरं आहे. पण घटना बदलत नाहीत म्हणून निवड खोटी ठरते, हे मला मान्य नाही. ली कोणत्या प्रकारचा माणूस म्हणून मरतो, आणि क्लेमेंटाइन त्याच्याकडून काय शिकते, हे तुमच्या हातात आहे. शेवटच्या दृश्यात ली तिला जे चार शब्द सांगतो ते तुम्ही निवडता. तिथे वेगळा शेवट हवा होता असं मला एकदाही वाटलं नाही. लीचा आवाज डेव्ह फेनॉयचा आणि क्लेमेंटाइनचा मेलिसा हचिसनचा आहे. या दोघांशिवाय हा गेम उभाच राहिला नसता.

दुसरा ‘लाइफ इज स्ट्रेंज’. फ्रान्सच्या डोंटनॉड स्टुडिओने केलेले पाच भाग, जानेवारी ते ऑक्टोबर २०१५. ओरेगनमधल्या आर्केडिया बे या काल्पनिक गावात फोटोग्राफी शिकणारी मॅक्स थोडा वेळ मागे नेऊ शकते. एखाद्याला उत्तर द्यायचं, त्याचा चेहरा पाहायचा, वेळ मागे न्यायची, वेगळं उत्तर द्यायचं. दीड भागात हाताला याची इतकी सवय होते, की कोणताच निर्णय अंगावर येत नाही.

आणि तिथेच दुसऱ्या भागात मॅक्सची वर्गमैत्रीण केट जीव द्यायला छपरावर चढते. मॅक्सची शक्ती नेमकी तेव्हा संपलेली असते. बोलाल ते एकदाच. केटच्या खोलीत आधी काय पाहिलं होतं, तिच्या घरच्यांपैकी कोणाचं नाव काढलं तर तिला धीर येईल, सकाळी तिचा फोन आला तेव्हा उचलला होता का, हे सगळं तुम्हालाच आठवायला हवं. खोलीत मी सरळ पुढे चाललो होतो. बहिणीने प्रत्येक वस्तू थांबून पाहायला लावली होती, आणि छपरावर तेच कामी आलं. खेळाडूला एक सोय द्यायची, तिची सवय लावायची आणि नेमक्या वेळी ती काढून घ्यायची, हे इतक्या नेटकेपणाने केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्रुटी आहेत. ओठांची हालचाल आणि संवाद बऱ्याचदा जुळत नाहीत. त्याच दुसऱ्या भागात भंगारच्या आवारात पाच बाटल्या शोधत फिरायचं काम निव्वळ वेळकाढू आहे. मॅक्सची मैत्रीण क्लोई वाचवायची की गाव, ही शेवटची निवड तर सरळ दोन बटणांवर आणून ठेवली आहे, आधीच्या कुठल्याच निर्णयाचं तिला देणंघेणं नाही. तरीही त्या दोन बटणांवरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही. बहीण क्लोईच्या बाजूने, मी गावाच्या.

तिसऱ्या जागी ‘लाइफ इज स्ट्रेंज २’ ठेवतो, आणि इथे अनेक जण माझ्याशी भांडतील. २०१८ च्या सप्टेंबरपासून २०१९ च्या डिसेंबरपर्यंत हे पाच भाग इतक्या लांब अंतराने आले, की मूळ खेळाडू मधेच गळाले. कथाही दर भागात जागा आणि माणसं बदलते, त्यामुळे एखाद्या गावात रमावं तर ते मागे पडतं. पण गाभ्याची कल्पना या सगळ्या प्रकारातली सर्वांत धाडसी आहे. सिएटलमध्ये वडील पोलिसाच्या गोळीने मरतात, आणि सोळा वर्षांचा शॉन नऊ वर्षांच्या भावाला, डॅनियलला घेऊन मेक्सिकोच्या दिशेने निघतो. अलौकिक शक्ती धाकट्याकडे आहे, तुम्ही खेळता थोरला. तुम्ही चोरी केलीत, खोटं बोललात, कोणाला दयामाया दाखवलीत, की डॅनियल ते बघत असतो. शेवटी सीमेवर तुम्ही निर्णय घेता, पण आतापर्यंत वाढवलेला डॅनियल तो मानेलच असं नाही. त्याचा निर्णय त्याचा. धाकटं भावंड शेजारी बसवून हे खेळणं सोपं नाही. पहिल्या भागात पेट्रोल पंपावर खायला घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा मी चोरी करू या म्हणालो, आणि बहीण म्हणाली, “तो बघतोय ना पण.”

‘केंटकी रूट झीरो’ माझ्या निकषात बसतच नाही. यात वाद घालण्यासारखा निर्णय जवळपास नाही. तरी तो चौथा आहे, कारण त्याला खाली ढकलायला मन होत नाही. कार्डबोर्ड कंप्युटर हा अगदी मोजक्या माणसांचा स्टुडिओ. पहिला अंक जानेवारी २०१३ मध्ये आला आणि पाचवा जानेवारी २०२० मध्ये. सात वर्षं! कॉनवे नावाचा म्हातारा ड्रायव्हर जुन्या वस्तूंच्या दुकानाचं शेवटचं सामान पोचवायला निघतो, आणि पत्ता सापडतो तो जमिनीखालच्या एका गूढ हमरस्त्यावरून. वीज कंपनी, बंद पडलेली खाण, उपचारांचं कर्ज. कॉनवे हळूहळू या कर्जाच्या फासात इतका अडकतो, की पुढे कथा त्याच्या हातून निसटते आणि दुसऱ्यांकडे जाते. तिसऱ्या अंकात एका रिकाम्या बारमध्ये ज्यूनबग आणि जॉनी गाऊ लागतात, छप्पर उडून वर आकाश दिसायला लागतं, आणि गाण्याची पुढची ओळ तुम्ही निवडायची असते. त्याने कथेत काडीचाही फरक पडत नाही. आम्ही मात्र प्रत्येक ओळीपाशी थांबून चर्चा केली. वाचन खूप आहे, वेग अगदी संथ आहे. दिवसभराच्या कामानंतर डोळे मिटत असताना हा लावू नका.

यानंतर ‘टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स’, २०१४-१५. मूळ बॉर्डरलँड्स हे गोळीबाराचे गेम. ते मी खेळलेले नाहीत आणि त्यामुळे काही अडलं नाही. रीस आणि फिओना एकाच घटनेची आपापली बढाईखोर आवृत्ती एका मुखवटेधाऱ्याला सांगतात, आणि खोटं कोण बोलतंय ते आपण ओळखायचं. चौथ्या भागात हिशेबनिसांची टोळी नुसत्या बोटांच्या बंदुका करून, तोंडाने ‘ठो ठो’ करत लढते, आणि मरणारे मनापासून मरतात. बहीण हसून हसून जमिनीवर बसली होती. मधे काही काळ हा गेम विक्रीतून गायब होता, २०२१ मध्ये परतला.

सहावा ‘डिस्पॅच’. टेलटेलमधून बाहेर पडलेल्या मंडळींच्या अ‍ॅडहॉक स्टुडिओचा हा गेम ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, आठ भाग, दर आठवड्याला दोन. पूर्वाश्रमीच्या टेलटेलचं काय झालं ते माहीत असेल तर हे पाहून बरं वाटतं : सप्टेंबर २०१८ मध्ये जवळपास अडीचशे लोकांना एका झटक्यात घरी पाठवलं गेलं, तेव्हा ‘द वॉकिंग डेड’चा शेवटचा सीझन अर्ध्यावर होता. पुढचे दोन भाग स्कायबाउंड या कंपनीने त्याच टीममधल्या काही लोकांना घेऊन पूर्ण केले. ‘डिस्पॅच’मध्ये रॉबर्ट हा चिलखत मोडलेला माजी सुपरहीरो फोनवर बसून सुधारू पाहणाऱ्या खलनायकांना कामावर पाठवतो. कोणाला कुठल्या कॉलवर पाठवायचं हे डोकं लावून ठरवावं लागतं, आणि ते काम मजेचं आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी टीममधल्या दोघांपैकी एकाला काढून टाकायचं असतं. हाताखाली माणसं असणाऱ्या कोणालाही तो प्रसंग जड जाईल.

‘बॅटमॅन : द एनिमी विदिन’ यापेक्षा वर हवा होता असं बहिणीचं म्हणणं. जॉन डो पुढे जोकर होणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण तुम्ही त्याच्याशी कसे वागलात त्यावर तो गुन्हेगार होतो की बॅटमॅनची नक्कल करणारा रक्षक, हे ठरतं, आणि शेवटचा भाग त्यानुसार खरोखर वेगळा लिहिलेला आहे. निवड खोटी म्हणणाऱ्यांनी हा खेळावा. बाकीच्या उपकथा मात्र मला आठवतही नाहीत, म्हणून तो सातवा.

‘द वुल्फ अमंग अस’ दिसायला या सगळ्यांत देखणा. १९८६ चं न्यूयॉर्क, परीकथांमधली माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात, लांडगा त्यांचा शेरीफ. पहिला भाग अप्रतिम. पण आठवडाभर आम्ही फक्त खुनी कोण एवढंच बोललो, आणि ते कळल्यावर बोलणंही संपलं. टेलटेलचाच ‘गेम ऑफ थ्रोन्स’ यादीत घेतच नाही. सहा भाग खेळून घेतात, कथा लटकती ठेवतात, आणि दुसरा सीझन आलाच नाही.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहून ठेवा. यातल्या एकाही गेममध्ये मला मराठी उपशीर्षकं मिळाली नाहीत. टेलटेलच्या गेम्समध्ये उत्तर निवडायला काही सेकंदच मिळतात, शिवाय ‘द वॉकिंग डेड’मध्ये काहींचे उच्चार अमेरिकेच्या दक्षिणेकडचे. भराभर इंग्रजी वाचायची सवय नसेल, तर सुरुवात ‘लाइफ इज स्ट्रेंज’ने करा. तिथे बहुतेक ठिकाणी घड्याळ नाही, वेळ मागे नेऊन संवाद पुन्हा ऐकता येतो, आणि स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर त्याचा पहिला भाग फुकट आहे. उपशीर्षकं आधी सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करा.

‘द वॉकिंग डेड’ घेताना सुटे सीझन घेऊ नका. २०१९ मध्ये आलेल्या डेफिनिटिव्ह सिरीजमध्ये चारही सीझन एकत्र आहेत, त्यामुळे आधीचे निर्णय पुढे नेताना सेव्ह फाइल्सची शोधाशोध करावी लागत नाही. हे सगळे गेम सेलमध्ये वरचेवर स्वस्त होतात, पूर्ण किमतीला घ्यायची घाई नको. ‘डिस्पॅच’ सोडला तर यांना भारी ग्राफिक्स कार्डही लागत नाही, आमचा जुना लॅपटॉप पुरला. बहीण आता नोकरीसाठी नागपूरला गेली आहे. शनिवार चालू आहेत, मी डिस्कॉर्डवर स्क्रीन दाखवतो आणि ती तिकडून सांगते. सध्या ‘लॉस्ट रेकॉर्ड्स : ब्लूम अँड रेज’ची पहिली टेप (यात भागाला टेप म्हणतात) लावली आहे. १९९५ चा उन्हाळा, मिशिगन, हातात व्हिडिओ कॅमेरा घेतलेली स्वान. दुसरी टेप झाली की याला यादीत कुठे बसवायचं ते ठरवू.