थर्मल दुर्बीण घेताय? आधी काच आडवी धरा

गेल्या हिवाळ्यात आमच्या भावकीतल्या दोन घरांनी मिळून ४८ हजारांना एक ‘थर्मल’ दुर्बीण, म्हणजे अंधारात अंगाच्या उष्णतेवरून चित्र दाखवणारं यंत्र, घेतली. ती थर्मल नव्हती. पुढं इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची) बॅटरी, म्हणजे टॉर्च, लावलेला अंधारात बघायचा साधा डिजिटल नाईट व्हिजन कॅमेरा होता, त्याच्या पडद्यावर नुसते रंग चढवले होते. असला माल दहा हजारांच्या आत मिळतो. सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत तो अजून विकला जातोय, म्हणून कसं गंडवतात ते सविस्तर लिहितो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

आमचं रान मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. नदीकडेला वेड्या बाभळी माजल्यात आणि त्यात रानडुकरांचे कळप मुक्कामाला. मका दुधात आला की एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवून जातात. खातात कमी, नासतात जास्त. जुन्या साड्या बांधून झाल्या, सुतळी बॉम्ब झाले, पत्र्याचे डबे बडवून झाले. चार दिवस जनावर बिचकतं, पाचव्या दिवशी त्याच डब्याखालून आत शिरतं. तारेत करंट सोडणारेही आहेत; त्यात माणसं गेलीत आणि तो गुन्हाही आहे, तेव्हा तो विषयच नको. त्यात शेतीची लाईट रात्रीची. २०२० च्या डिसेंबरात करमाळ्याकडं नरभक्षक बिबट्यानं लोकांचे जीव घेतले, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. तेव्हापासून रात्री दारं धरायला जाणारा माणूस उसाच्या कडेला आला की पाय जरा आखडतोच. अंधारात पुढं काय आहे ते आधी कळावं, एवढीच आमची गरज होती.

विकणाऱ्यानं ती गरज शिकारीकडं वळवली, आणि सगळी मेख तिथंच आहे. मोबाईलवर त्यानं एकामागून एक व्हिडिओ दाखवले. काळ्या पडद्यावर पांढरी डुकरं पळतायत, मधोमध क्रॉस, ठो! ते व्हिडिओ अमेरिकेतल्या टेक्सासचे. तिकडं रानडुकरं रात्री थर्मल लावून मारतात आणि ते त्यांच्या कायद्यात बसतं. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. तो कागद हातात नसताना जनावर मारलं तर थेट गुन्हा दाखल. हे आम्हाला ठाऊक होतं, आमच्याकडं बंदूकही नाही. तरी तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मालक, रायफलीवर बी बसती ही. कधी पायजे झाली तर?” माझा चुलतभाऊ हसत म्हणाला, “बसू दे की.” हे तीन शब्द पुढं आम्हाला महागात पडले.

आता प्रात्यक्षिक. दुकानामागं माल ठेवायची खोली होती. तिथं दिवे घालवले आणि कामावरच्या पोराला पुढं जवळ उभं केलं. पडद्यावर पोरगा लाल-पिवळा, पाठीमागची खोली निळी. मग पोरानं बिडी पेटवली. बिडीचं टोक पांढरंशुभ्र झालं. “गरम तेवढं लाल, लई गरम ते पांढरं. डुक्कर एक किलोमीटरवरनं असंच दिसणार.” बघणाऱ्याला यात शंका घ्यायला जागाच नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते असं. दुर्बिणीच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या किंवा जेमतेम लालसर दिसणाऱ्या उजेडाची बॅटरी असते, साधारण ८५० किंवा ९४० नॅनोमीटरची. तिचा उजेड समोरच्या वस्तूवर पडून परत येतो आणि साधा कॅमेरा तो टिपतो. जवळची वस्तू जास्त उजळ, लांबची कमी. उजळ तिथं लाल आणि मंद तिथं निळा असा रंग सॉफ्टवेअरनं भरला की झालं ‘थर्मल’. पोरगा जवळ म्हणून लाल, मागची खोली लांब म्हणून निळी. आणि बिडीचा निखारा? निखाऱ्यातून तसाही इन्फ्रारेड उजेड निघतो, तो साध्या कॅमेऱ्यालाही चमकदारच दिसतो. बिडीची निवड काही उगाच नव्हती.

पहिल्याच रात्री रानात संशय आला. गोठ्यातली म्हैस झकास लाल दिसली. पण शेजारची कडब्याची गंजीही लालभडक! भाऊ दचकून म्हणाला, “गंजी पेटली का काय रं?” हात लावून बघितला, गंजी थंडगार. बांधावरच्या कुत्र्याचे डोळे दोन बल्ब लावल्यासारखे चमकत होते. शंभरेक पावलांपुढं सगळं निळं, त्यात डुकरं असली काय नि नसली काय. कुत्र्याच्या डोळ्यांची ही खूण ध्यानात ठेवा. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यात मागं आरशासारखा पडदा असतो, त्यावर बॅटरीचा उजेड पडला की तो परत फेकला जातो. खऱ्या थर्मलला अशी उजेडाची बॅटरी लागतच नाही, म्हणून त्यात डोळे असे चकाकत नाहीत. अख्खं तोंडच गरम दिसतं.

उलगडा केला गावातल्याच एका पोरानं. तो चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेलचा कुठला जॉइंट तापतोय ते बघायला थर्मल कॅमेरा वापरतात, त्यामुळं त्याच्या हाताखालून खरा माल गेलेला. दुर्बीण हातात घेतली आणि बॅटरीच्या भिंगावर त्यानं अंगठा ठेवला. पडदा काळामिट्ट. “काका, थर्मलला बाहेरचा उजेड लागतच नाही. अंगठ्यानं आंधळं झालं म्हणजे ही बॅटरीच आहे.” मग घरातल्या फोटोफ्रेमची काच काढून तोंडासमोर धरली आणि मला दुर्बिणीतून बघायला सांगितलं. त्याचा चेहरा काचेतून जसाच्या तसा दिसत होता, दातसुद्धा मोजता आले असते.

अंगाची उष्णता ज्या लहरींनी बाहेर पडते त्या ८ ते १४ मायक्रॉनच्या आसपासच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या काचेतून त्या आरपार जात नाहीत. खऱ्या थर्मलमधून बघितलं असतं तर काच नुसती एका पाटीसारखी दिसली असती आणि तिच्यामागचा चेहरा गायब झाला असता. याच कारणानं खऱ्या थर्मलचं पुढचं भिंग साध्या काचेचं नसतं, बहुधा जर्मेनियम या धातूसारख्या पदार्थाचं असतं. ते डोळ्यांनी आरपार दिसत नाही, काळसर आरशासारखं चकाकतं. आमच्या दुर्बिणीच्या भिंगातून आतले स्क्रूसुद्धा दिसत होते.

तिसरी परीक्षा तर अगदी फुकटची. भिंतीवर तळहात दाबून थोडा वेळ धरा आणि काढा. भिंतीला हाताची ऊब लागते. खऱ्या थर्मलमध्ये पंजाचा ठसा काही क्षण तसाच उमटून राहतो. आमच्यात कोरी भिंत. शिवाय बऱ्याचशा थर्मल यंत्रांमध्ये अधूनमधून आतून बारीक ‘टिक्’ आवाज येतो आणि चित्र क्षणभर थांबतं, कारण आतलं झाकण बंद होऊन सेन्सर (उष्णता टिपणारा आतला भाग) स्वतःला जुळवून घेतो. हे आधी माहीत नसलं तर खरं यंत्रच बिघडलेलं वाटायचं.

हे सगळं झाल्यावर मी थोडं वाचलं, चार ठिकाणी विचारलं. खरं थर्मल घेतानाही खिसा कापतातच, फक्त वेगळ्या तऱ्हेनं. डब्यावर मोठ्या अक्षरात अंतर लिहिलेलं असतं, समजा १ किलोमीटर. हिशेब करून बघा. स्वस्तातल्या यंत्रात सेन्सर बहुधा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, एकेक ठिपका १२ मायक्रॉनचा. भिंग १५ मिलिमीटरचं (हे भिंगाचं नाभीअंतर, रुंदी नव्हे) असेल तर १०० मीटरवर एक ठिपका ८ सेंटिमीटरची जागा व्यापतो आणि १ किलोमीटरवर ८० सेंटिमीटरची. म्हणजे किलोमीटरवरचं अख्खं डुक्कर उंचीला एका ठिपक्यात मावलं. ‘दिसलं’ म्हणायला दिसलं, पण ते डुक्कर, शेळी की बांधावर बसलेला माणूस, देव जाणे. शंभर मीटरवर त्याच डुकराला उंचीत नऊ-दहा ठिपके मिळतात. तिथं कुठं आकार समजायला लागतो. काहीतरी आहे हे कळणं, काय प्रकारचं आहे हे कळणं आणि नेमकं कोण आहे हे ओळखणं, अशा तीन पायऱ्यांचा हिशेब जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकानं १९५८ मध्ये मांडला होता आणि तो अजूनही वापरतात. डब्यावर छापतात ती पहिली पायरी, तीही बहुतेकदा उभ्या माणसासाठी किंवा मोठ्या जनावरासाठी. म्हणून अंतर विचारू नका, सेन्सर किती ठिपक्यांचा आणि भिंग किती मिलिमीटरचं ते विचारा. यातही एक लबाडी चालते: ‘रिझोल्यूशन’ म्हणून पडद्याचा मोठा आकडा सांगतात. पडदा कितीही बारीक असला तरी सेन्सरनं न बघितलेलं तो कुठून दाखवणार? डिजिटल झूमचंही तेच, ठिपके फुगतात, एवढंच.

सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, तेही विचारा. ९ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला नऊ वेळा चित्र बदलणाऱ्या यंत्रात पळतं जनावर धक्के खात सरकल्यासारखं दिसतं. २५ किंवा ५० हर्ट्झला ते सलग दिसतं. पॅनेल तपासायला ९ चालेल, रानात नाही.

आणि आपल्या हवामानाचं कुणी बोलतच नाही. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीच्या वर. दिवसभर तापलेला काळा दगड आणि माळ रात्री उशिरापर्यंत गरम असतो. थर्मल बघतं ते दोन वस्तूंच्या उष्णतेतला फरक. मे महिन्यात संध्याकाळी जनावर आणि दगड यांच्यात फारसा फरकच उरत नाही, धोंडे डुकरांसारखे आणि डुकरं धोंड्यांसारखी. थंडीत पहाटे तेच यंत्र सुरेख चालतं. दाट पाऊस, धुकं आलं की चित्र फिकं पडतं. आणि उसाचं म्हणाल तर थर्मल पाल्याच्या आरपार बघत नाही. फटीतून अंगाचा तुकडा दिसला तर दिसला. बिबट्या उसात चार सऱ्या आत बसला असेल तर लाखाचं यंत्रही तुम्हाला त्याची खबर देणार नाही. ‘उसातलं सगळं दिसतं’ असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

आता पैशाचं. दुर्बीण परत घेऊन गेलो तेव्हा दुकानदार आधी गोड बोलला, “सेटिंग करून देतो.” काच आडवी धरून दाखवली तशी भाषा बदलली. “तुम्ही शिकारीसाठी घेतली. दुकानात कॅमेरा आहे, तुमचंच बोलणं रेकॉर्ड आहे. फॉरेस्टला कळवू का?” भाऊ तिथंच गार पडला. रायफलीचा विषय त्यानं पुन्हा पुन्हा का काढला, हे तेव्हा कुठं उमगलं. गिऱ्हाइकाच्या तोंडून शिकारीला ‘हो’ वदवून घ्यायचं, म्हणजे फसला तरी तो तोंड उघडत नाही. मला तर वाटतं, त्याचा खरा माल दुर्बीण नाहीच, ही भीती आहे.

ओळखीच्या वकिलांनी एका वाक्यात सांगितलं: स्वतःच्या रानात बसून पिकाची राखण करणं हा गुन्हा नाही; बंदूक नाही, मेलेलं जनावर नाही, तर केस कसली? मग कागद काढले. बिलावर ‘नाईट कॅमेरा, १ नग’ एवढंच. थर्मल हा शब्द मुद्दाम गाळलेला. निम्मे पैसे रोखीत घेतलेले, त्यांची पावती नाही. डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, कमाल किंमत नाही, कुठल्या देशाचं तेही नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे सगळं छापणं सक्तीचं आहे. आमच्या बाजूनं दोनच गोष्टी भक्कम निघाल्या. उरलेले निम्मे यूपीआयनं दिले होते आणि त्याच्या व्हॉट्सॲपवर ‘१००% थर्मल, गॅरंटी’ हा त्याचाच मेसेज होता.

नोटीस पाठवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकणारा पुण्या-मुंबईचा असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. व्यवहार ५ लाखांच्या आतला असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. ऑनलाईन पैसे भरले आणि माल आलाच नाही, नंबर बंद, असा प्रकार असेल तर आयोगाची वाट न बघता लगेच १९३० ला फोन करा; पैसे पुढं सरकायच्या आत अडवले गेले तरच उपयोग. नुसतं विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

नोटीस गेल्यावर मध्यस्थाकरवी निरोप आला की १५ हजार घ्या नि मिटवा. पूर्ण रक्कम आणि लेखी, एवढंच उत्तर आम्ही उलट धाडलं. त्याच्याकडून हाच माल घेतलेले आणखी दोघं सापडलेत, एक बार्शीकडचा, एक मंगळवेढ्याचा. बार्शीवाला आपल्या बिलाची झेरॉक्स देऊन गेला. मंगळवेढ्याचे पाहुणे फोनवर अजून म्हणतात, “जाऊ द्या हो, फॉरेस्टचं लचांड नको.” त्यांना काच कशी धरायची ते सांगितलंय, वकिलांचा नंबरही दिलाय.