अध्यापनाचा ऑनलाइन कोर्स: जूनपासून वर्गात वापरल्यानंतर

प्रभावी अध्यापनाचा हा कोर्स मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण केला आणि शाळा उघडल्यापासून त्यातलं जमेल ते वर्गात वापरते आहे. प्रमाणपत्र हातात पडल्या पडल्या अभिप्राय लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून दिवाळी उलटेपर्यंत थांबले. माझी शाळा अमळनेर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. सहावी-सातवीला गणित शिकवते. पोरं घरी अहिराणी बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत.

कोर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे अख्ख्या वर्गाचं उत्तर एकाच वेळी बघणं. 'समजलं का?' असं विचारलं की आमच्याकडे सगळा वर्ग एका सुरात 'हाव' म्हणतो. त्या 'हाव'वरून काही म्हणजे काही कळत नाही. हात वर करणारी पोरं तीच ती, आणि त्यांच्या जोरावर धडा पुढे सरकतो. कोर्सवाले छोटे व्हाइटबोर्ड घ्या म्हणतात. मी पाट्या काढायला लावल्या. बहुतेकांच्या घरी माळ्यावर एखादी होतीच. प्रश्न फळ्यावर, उत्तर पाटीवर, पाटी छातीशी उलटी धरायची आणि 'दाखवा' म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायची.

अपूर्णांकांच्या बेरजेच्या वेळी याचा कस लागला. २/५ + १/५ असं सोपं उदाहरण दिलं होतं. पाट्या वर गेल्या आणि निम्म्याहून जास्त पाट्यांवर ३/१०. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. नेहमी हात वर करणाऱ्यांतल्या दोघींचंही तेच. तोंडी विचारलं असतं तर पुढच्या बाकावरून ३/५ आलं असतं आणि तास भिन्नच्छेद अपूर्णांकांकडे वळला असता. ३/१० लिहिणाऱ्या एकाला विचारलं, "एका भाकरीचे पाच सारखे तुकडे केले. दोन तू खाल्लेस, एक बहिणीने. आता भाकरीचे तुकडे दहा झाले का?" तो थोडा थांबला. "नही मॅडम, पाचच शेतस." आणि न सांगता त्याने छेद पुसला. शेजारच्या तिघा-चौघांनीही पुसला.

यामागचा विचारही कोर्सने नीट मांडलाय. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बराक रोझेनशाइन यांनी २०१२च्या लेखात चौथीच्या गणिताच्या वर्गांवरचा एक अभ्यास दिला आहे: जास्त यशस्वी शिक्षकांच्या वर्गात ८२ टक्के उत्तरं बरोबर, कमी यशस्वी शिक्षकांच्या वर्गात ७३ टक्के. म्हणून पाचातल्या चार, म्हणजे ८० टक्के, पाट्या बरोबर दिसेपर्यंत मी पुढचं उदाहरण घेत नाही. अभ्यासक्रम मागे पडतो का? सुरुवातीला पडतो. पण अपूर्णांक कच्चे राहिले की शेकडेवारीला तेच परत शिकवावं लागतं, तो वेळ कुणी मोजत नाही.

दुसरी सवय, प्रश्न विचारून गप्प राहणं. विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं कमी होतात. आमच्या पोरांना तर ते सेकंद जास्तच लागतात, कारण अहिराणीत सुचलेलं मराठीत आणायचं असतं. मी आता अहिराणीतलं उत्तर तसंच घेते, मग तेच मिळून मराठीत बोलतो. नाव मात्र प्रश्नानंतर घ्यायचं. आधी घेतलं की बाकीचे सुटले.

तासाची पहिली पाच-सात मिनिटं जुन्या प्रश्नांना: दोन मागच्या आठवड्यातले, एक मागच्या महिन्यातला, वही बंद. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. कापूस वेचणी सुरू झाली की आमची हजेरी अर्ध्यावर येते. परत आलेल्या पोरांना या प्रश्नांमुळे मागचं निदान कानावरून जातं. ज्याचा मूळ धडाच बुडाला त्याला मात्र यातून आठवणार काय? त्याला वेगळं बसवून शिकवावंच लागतं, आणि कोर्समध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

कोर्सच्या एका भागाबद्दल मला खरोखर राग आहे. मुलं 'बघून शिकणारी', 'ऐकून शिकणारी', 'करून शिकणारी' अशी वाटून त्याप्रमाणे शिकवा, असं त्यात ठासून सांगितलंय. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच सगळे पुरावे तपासून या वाटणीला पुरेसा आधार नाही असं लिहिलं. बाकी इतकं अभ्यासून करणाऱ्यांनी हे का ठेवावं? तो भाग सरळ सोडून द्या. व्हिडिओतले वर्गही नीटनेटके, एका इयत्तेचे. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालवणाऱ्या पाड्यावरच्या शाळेचा विचार कुठेच दिसत नाही.

पाट्यांचं म्हणाल तर दगडी पाटीच घ्या. व्हाइटबोर्डचे मार्कर संपत राहतात आणि खर्च आपल्या खिशातून. पेन्सिली मात्र तास संपला की मोजून परत घ्या, लहान पोरं खातात. ओलं फडकं प्रत्येक बाकावर एक ठेवा. बहुवर्ग शाळेतल्या शिक्षकांना पूर्ण कोर्सला वेळ नसेल तर प्रश्न विचारण्याचा आणि उजळणीचा, एवढे दोनच भाग बघा आणि दुसऱ्या दिवशी एकाच इयत्तेवर, एकाच तासाला सुरू करा.