वापरलेल्या टर्बाइन इंजिनात १,७०,३०० रुपये बुडाले: पैसे देण्याआधी आवाज तपासा

मॉडेल जेटसाठी (रिमोटवर उडवायच्या छोट्या जेट विमानासाठी) वापरलेलं टर्बाइन इंजिन विकतो म्हणून एका माणसानं फोंड्यातल्या आम्हा चौघांकडून १,७०,३०० रुपये उकळले आणि बदल्यात भंगार गळ्यात मारलं. हिशेब असा: टोकन १५,०००, उरलेली किंमत १,३२,०००, ‘पॅकिंग आणि विमा’ ४,८००, आणि भंगार हातात पडल्यावर ‘बेअरिंग बदलून देतो’ म्हणून आणखी १८,५००. तोच माणूस आता दुसऱ्या नावानं तसंच इंजिन विकायला निघाला आहे. गोवा, बेळगाव, कोल्हापूर या पट्ट्यात हा छंद करणारी माणसं मोजकीच आहेत, तेव्हा त्याचं पुढचं गिऱ्हाईक आपल्यातलंच कुणीतरी असणार. म्हणून हे सगळं आकड्यांसह लिहितो आहोत.

गोड बोलणं, ‘अजून दोघं मागे लागलेत’ म्हणून घाई करणं, टोकन दिल्यावर सूर बदलणं हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते उगाळत नाही. हा माणूस वेगळा होता तो एवढ्यासाठी, की त्याला विषय येत होता. मूळचा वास्कोचा, आता नोकरीसाठी बाहेर, असं सांगायचा. बोलताना प्रत्येकाला गोव्याच्या रीतीनं आदराचं ‘बाब’ लावायचा. दाबोळीच्या धावपट्टीवरून आधी सी हॅरियर आणि मग मिग २९-के उडताना ऐकत वाढलो, म्हणायचा. २०१६ साली हॅरियर निवृत्त झाले हेही त्याला नीट माहीत होतं. इंधनात घालायचं पाच टक्के तेल, पंपाचा व्होल्टेज, सुरुवातीचं तापमान, कशावरही अडखळला नाही. अशा माणसावर संशय घ्यायला काही कारणच दिसत नव्हतं. किंमतही फुकटात दिल्यासारखी नव्हती. नवीन इंजिन जकात आणि कर धरून याच्या बरंच वर जातं, आणि तीन तास चाललेलं इंजिन त्या भावाला मिळणं अशक्य नाही.

जाहिरातीत होतं: १०० न्यूटन थ्रस्टच्या (ढकलण्याच्या जोराच्या) वर्गातलं इंजिन, एकूण चालणं ३ तास १० मिनिटं, सोबत ईसीयू (इंजिनाचं कामकाज सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक), इंधनपंप, दोन व्हॉल्व्ह आणि आकडे दाखवणारा डिस्प्ले. आम्ही ईसीयूच्या पडद्याचा फोटो मागितला, त्यानं दिला. व्हिडिओ कॉल मागितला, तोही केला, बॅटरी जोडून पडद्यावर ३ तास १० मिनिटं दाखवली. इथं पहिली गोष्ट लक्षात ठेवा. ज्या इंजिनांचा ईसीयू वेगळ्या डबीत असतो, तिथं चालण्याचे तास त्या डबीत साठतात, इंजिनात नाही. तीन तास चाललेली डबी कुठल्याही मेलेल्या इंजिनाला जोडता येते. इंजिनाच्या अंगावर कोरलेला क्रमांक आणि ईसीयूच्या मेनूतला क्रमांक एकाच फोटोत, एकाच वेळी मागा. आम्ही दोन्ही मागितले होते. ईसीयूचा स्पष्ट आला, इंजिनाचा मात्र नेमका उजेडाच्या तिरिपेत धुऊन गेलेला होता, आणि दुसरा फोटो ‘रात्री पाठवतो’ म्हणाला तो आलाच नाही.

पण खरी पकडण्याची जागा होती ती चालू इंजिनाच्या व्हिडिओत. आजही डोकं फिरतं ते तिथंच. स्टँडवर बांधलेलं इंजिन, शेजारी डिस्प्ले. आयडलला (सगळ्यात कमी वेगावर) पडद्यावर मिनिटाला ३५,००० फेरे, पूर्ण थ्रॉटलला (पूर्ण जोरावर) १,२२,०००, तापमान ६०० अंशांच्या आसपास. आकडे अगदी शोभतील असे. आवाज मात्र त्या इंजिनाचा नव्हता.

हे कसं कळतं ते नीट सांगतो, कारण हा तपास फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतो. शाफ्टचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचा, तोल कितीही नीट साधला तरी किंचित असमतोल उरतोच. त्यामुळे शाफ्ट सेकंदाला जितके फेरे मारतो तितक्या हर्ट्झचा एक स्पष्ट सूर इंजिन देतं. मिनिटाच्या फेऱ्यांना ६० नं भागलं की तो सूर मिळतो. ३५,००० फेऱ्यांना ५८३ हर्ट्झ, १,२२,००० ला २,०३३. कॉम्प्रेसरच्या (हवा आत ओढून दाबणाऱ्या चाकाच्या) पात्यांची शिटी याहून कितीतरी वर असते. १२ पात्यांचं व्हील असेल तर आयडललाच ७,००० हर्ट्झ, आणि पूर्ण थ्रॉटलला २४,४०० म्हणजे माणसाच्या कानापलीकडे. फोनवरून दाबून पाठवलेल्या व्हिडिओत तर असले वरचे सूर टिकतीलच असं नाही. म्हणून पात्यांच्या शिटीवर विसंबू नका, शाफ्टचा सूर पकडा. आवाजाचा स्पेक्ट्रम (कुठला सूर किती जोरात आहे ते) दाखवणारं साधं मोफत ॲप पुरे होतं. त्यात आयडलपासून वर चढत जाणारी एक बारीक, ठळक रेघ दिसते.

त्या व्हिडिओत ती रेघ आयडलला ८३३ हर्ट्झवर होती आणि पूर्ण थ्रॉटलला २,७०० वर. ६० नं गुणा: ५०,००० आणि १,६२,००० फेरे. हा वेग ६० न्यूटनच्या आसपासच्या लहान इंजिनाचा. व्हील जितकं लहान तितके फेरे जास्त, कारण पात्याच्या टोकाचा वेग सगळीकडे साधारण सारख्याच मर्यादेपर्यंत नेता येतो. म्हणजे चित्र एका इंजिनाचं, आवाज दुसऱ्याचा. त्या चित्रातलं इंजिन कदाचित चालूच नव्हतं.

हे गणित आम्ही माल हाती आल्यानंतर केलं. पण कानानं सांगितलं होतं. आमच्यातल्या एकानं व्हिडिओ ऐकताच म्हटलं होतं, ‘शंभर न्यूटनच्या मानानं हे जरा बारीक वाजतंय’. तिथंच थांबायला हवं होतं. आम्ही विचारलंही, आणि उत्तर आलं की फोनचा माइक खालचे सूर पकडत नाही. ही मखलाशी पटण्यासारखी होती, कारण फोनचे माइक खरोखरच खालचे सूर खातात. पण माइक सूर दाबतो, तो ५८३ चे ८३३ करत नाही.

दुसरी खूण त्याच व्हिडिओत होती. थ्रॉटल आयडलला आला आणि व्हिडिओ तिथंच तुटला. बेअरिंगची खरी परीक्षा इंधन बंद केल्यावर सुरू होते. हिसहिस थांबते आणि नुसता शाफ्ट ऐकू येतो. चांगल्या बेअरिंगवर तो सूर सलग, गुळगुळीत खाली येतो आणि मग ईसीयू इंजिन थंड करायला स्टार्टर मोटर पुन्हा फिरवतो. खराब बेअरिंगवर शेवटी खरखर येते आणि शाफ्ट झटक्यात थांबतो. व्हील घासत असेल तर पातळ खणखण येते. बंद होतानाचा भाग नसलेला व्हिडिओ म्हणजे काहीच न दाखवलेला व्हिडिओ. आम्ही तो भाग मागितला तेव्हा त्यानं उत्तरादाखल मॉडेल जेट डोक्यावरून गर्जत जातानाची चित्रफीत पाठवली.

ती गर्जनासुद्धा खोटी होती. जेटचा घनगंभीर आवाज येतो तो बाहेर फेकलेला गरम झोत स्थिर हवेत मिसळताना उठणाऱ्या भोवऱ्यांतून. त्याचा जोर झोताच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, हे जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली मांडलं. पण त्याची पट्टी नोझलच्या व्यासावर ठरते. अर्ध्या मीटरहून मोठ्या नोझलच्या लढाऊ विमानाचा जोर दीड-दोनशे हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणून मिग गेल्यावर दाबोळीजवळच्या चिखलीत खिडक्यांची तावदानं थरथरतात. मॉडेलचं नोझल साडेपाच सेंटिमीटरचं, झोत सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. त्याचा जोर पडतो दीड हजार हर्ट्झकडे. तिथं फाडल्यासारखी हिसहिस मिळते, छातीत घुमणारा गडगडाट नाही. असा गडगडाट असलेली चित्रफीत दिसली की आवाज वरून चढवला आहे असंच समजा.

पार्सल आलं. कॉम्प्रेसरच्या नटाला बोट लावून शाफ्ट फिरवला तर बोटाला खडखड जाणवली, एका फेऱ्यात ठरावीक अंतरानं, आणि सोडल्याबरोबर शाफ्ट जागीच थांबला. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या पुढच्या कडांना खाचा पडलेल्या. मागून टॉर्च मारली तर टर्बाइन व्हीलभोवतीच्या कड्यावर एका बाजूला चकचकीत घासलेली पट्टी. तिथली फट मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांची असते, मागचं बेअरिंग ढिलं झालं की व्हील आधी तिथं टेकतं. एक्झॉस्टच्या शंकूवर एकाच बाजूला गडद निळा डाग, म्हणजे एखादी इंधनाची सुई किंवा व्हेपोरायझर (इंधनाची वाफ करणारी) नळी चोंदून आग एकीकडेच पेटत होती.

बेअरिंग उघडलं. गोळ्या सिरॅमिकच्या, त्यांना काही होत नाही. पण कडी पोलादाची असतात, आणि त्यांवर गोळ्यांच्या अंतरानं गंजाचे ठिपके होते. ओलसर जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेलं इंजिन असं दिसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चांगली इंजिनंही अशीच मरतात. शेवटच्या वापरानंतर दोन्ही तोंडं बंद करून, सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवली नाहीत तर. गोळ्या जागेवर धरणारा पिंजरा जळून काळा पडलेला होता. बेअरिंगला वेगळं तेल नसतं, इंधनातलाच थोडा भाग तिथं वळवलेला असतो. केरोसीनमध्ये पाच टक्के तेल घालायला कुणी विसरलं की आधी मागचं, गरम बाजूचं बेअरिंग जातं.

इंजिनावरचा क्रमांक उत्पादकाला मेलनं कळवला. उत्तर आलं की हे इंजिन अपघातानंतर दुरुस्तीला आलं होतं, आणि खर्च ऐकून मालकानं ते न दुरुस्त करताच परत नेलं. एवढी माहिती एका मेलवर फुकट मिळते. पैसे देण्याआधी क्रमांक मिळवाच. विकणारा क्रमांक देत नसेल तर पुढचा शब्द बोलू नका.

आणि ते १८,५००. तक्रार केल्यावर तो अजिबात चिडला नाही. वाहतुकीत धक्का बसला असेल, ओळखीच्या कारागिराकडून बेअरिंगचा संच बदलून तोल साधून देतो, फक्त सामानाचे पैसे द्या, म्हणाला. आम्ही दिले, कारण दीड लाख अडकलेले असताना १८,५०० देऊन ते सुटत असतील तर कुणीही देईल. या मागणीचा खरा हेतू वेळ काढणं हा होता. ‘सामान आलंय’, ‘कारागीर गावाला गेलाय’ असं करत त्यानं आम्हाला झुलवलं आणि तेवढ्यात पहिले पैसे त्या खात्यातून पुढे गेले. १९३० या सायबर हेल्पलाइनचा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, पैसे खात्यात असतील तरच ते गोठवता येतात. विकणारा गोड बोलत असला तरी फोन करा. दुरुस्ती करून दिली तर तक्रार मागे घेता येईल, गेलेली वेळ परत घेता येणार नाही.

पुढची टोलवाटोलवी तर फसवणुकीहून जास्त मनस्ताप देणारी. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केला, आमची जबाबदारी नाही. कुरियरवाला म्हणतो, पार्सलवर जाहीर किंमत २,००० आणि वर्णन ‘मशीनचा भाग’, विमा काढलेलाच नाही. म्हणजे विम्याचे ४,८०० सुद्धा लाटले. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘खेळण्याला दीड लाख?’ दुसरा, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, दिवाणी दावा लावा’. दुसऱ्या इंजिनाचा आवाज चिकटवून, दुसऱ्या इंजिनाचे तास दाखवून पैसे घेतले, म्हणजे हेतू पहिल्या दिवसापासून फसवण्याचा होता. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ यासाठीच आहे. स्पेक्ट्रमच्या छापील प्रती समोर ठेवल्या तर त्या बघायलाही कुणी तयार नाही. विकणारा दुसऱ्या राज्यात आहे, तिथं जा, असं सांगितलं. हेही चूक. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते, आणि ठाण्यानं नकार दिला तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. शेवटी नुसता अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि उलट आम्हालाच विचारलं, केरोसीन कुठून आणता, ड्रोनचा परवाना कुठं आहे. लुटले गेलो आम्ही आणि चौकशीही आमचीच! २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात छंदासाठी उडवल्या जाणाऱ्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या नमुन्याच्या मंजुरीचं प्रमाणपत्र) लागत नाही. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांभोवतीच्या हद्दी आम्ही पाळतो. पण हे त्या टेबलावर समजावत बसायचं कुणी, आणि का?

तक्रारीला जाताना नियमाची प्रत, व्यवहाराचे क्रमांक आणि मूळ व्हिडिओची फाइल सोबत न्या. चॅट पुसू नका. आवाज पुन्हा रेकॉर्ड करून देऊ नका, मूळ फाइलच द्या.

आणि असं इंजिन कुणाच्या घरी आधीच आलेलं असेल तर ‘एकदा चालवून बघू’ म्हणून बॅटरी जोडू नका. लाखाच्या वर फेऱ्यांवर बेअरिंग अडकलं तर टर्बाइन व्हील तुटून बाहेर येऊ शकतं, आणि तुकडे सुटतात ते व्हीलच्या पातळीत, आडवे, म्हणजे नेमके शेजारी वाकून बघणाऱ्याच्या दिशेनं. त्याआधीच्या मालकानं इंधन भरून सोडलेलं असेल तर पेट घेताना मागून मोठी ज्वाळा येते. इंजिनात साचलेलं इंधन निथळू द्या, दोन्ही तोंडं बंद करा आणि क्रमांकासह उत्पादकाकडे पाठवा. आमचं पोलिसांकडे मुद्देमाल म्हणून द्यायला नेलं होतं. त्यांनी ठेवून घेतलं नाही. ते तसंच, न धुता, बेअरिंगच्या गंजासकट पिशवीत सीलबंद करून ठेवलं आहे, आणि ज्याला तो क्रमांक पडताळून पाहायचा असेल त्यानं विचारावं.