टेबल सॉ घेताना: मागची पोलादी पट्टी की बोट ओळखणारा ब्रेक?

कुडाळ-सावंतवाडीकडच्या अनेक सुतारकामाच्या शेडमध्ये टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचे लाकूड कापायचे यंत्र) म्हणून जे वापरले जाते, ते प्रत्यक्षात प्लायवूडच्या टेबलाखाली उलटे आवळलेले हातातले कटर मशीन असते. पात्यावर झाकण नसते आणि बंद करायचे बटण वाकून टेबलाखाली चाचपावे लागते. या जुगाडाला मी तुलनेत धरतच नाही. नवे यंत्र घेणाऱ्यापुढे खरा प्रश्न आहे तो चांगले साधे यंत्र घ्यावे की बोट लागताच पाते थांबवणाऱ्या ब्रेकचे, हा.

साध्या यंत्रात पाहायची वस्तू म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पोलादी पट्टी, अर्थात रायविंग नाइफ. फणसाची फळी उभी कापताना आतला ताण सुटून काप पुन्हा मिटू लागतो आणि पाते चिमटले जाते. मग मागून वर येणारे दाते फळी उचलून थेट कारागिराच्या अंगावर फेकतात, आणि त्या झटक्यात हातही पात्याकडे ओढला जाऊ शकतो. मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या १० इंची पात्याचे दाते सेकंदाला सुमारे ५३ मीटर वेगाने धावतात. तेवढ्यात हात मागे घेणे कुणालाच जमत नाही. पट्टी काप मिटू देत नाही, झाकण बोटे दूर ठेवते. मात्र अडचण होते म्हणून झाकण काढून खिळ्याला टांगलेले मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की, केवळ त्याच्या भरवशावर राहण्याचा सल्ला मी देणार नाही.

ब्रेकची कल्पना अमेरिकेतील स्टीव्ह गॅस यांची असून त्यांनी सहकाऱ्यांसह काढलेल्या सॉस्टॉप कंपनीची यंत्रे २००४ पासून विकली जात आहेत. पात्यात सूक्ष्म विद्युत संकेत खेळवलेला असतो; त्वचा टेकताच तो बदलतो, स्प्रिंगच्या जोराने ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि सुमारे ५ मिलिसेकंदांत पाते थांबून टेबलाखाली जाते. जिथे बोट गेले असते, तिथे बहुधा लहानशा जखमेवर निभावते. अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याने वर्षाला सुमारे ३०,००० जण जखमी होऊन इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात येतात, हे पाहता किंमत जास्त वाटत नाही. पण ब्रेक फळी उडणे थांबवत नाही, त्यामुळे पट्टी या यंत्रालाही हवीच.

कोकणात खरी अडचण ओलाव्याची आहे. नुकत्याच पाडलेल्या फणसाचे किंवा पावसात भिजलेले लाकूड वीज वाहून नेते आणि ब्रेक विनाकारण उडू शकतो. त्यासाठी बायपासची सोय असते, पण ती चालू असेपर्यंत ब्रेकचे संरक्षण नसते. म्हणून ओले लाकूड चिरणाऱ्याने पट्टी-झाकणाचे साधे यंत्र आणि पुढे सरकवायची काठी घ्यावी; प्लायवूड आणि सुकलेल्या सागाचे फर्निचर करणाऱ्याने, विशेषतः हाताखाली नवखी पोरे असतील तर, ब्रेकचे यंत्र घ्यावे. मात्र ते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे आहे ना, हे आधी विचारावे.

ब्रेक एकदा उडाला की कार्ट्रिज, म्हणजे तो ठोकळा आणि स्प्रिंग असलेली डबी, बदलावेच लागते, पातेही सहसा बाद होते, आणि नवे कार्ट्रिज बसवल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. गणपतीच्या तोंडावर मखरांचे काम अंगावर असताना असे झाले, तर दुसऱ्या दिवशी जुना उलटा कटर माळ्यावरून खाली येणार, हे नक्की. तेव्हा जादा कार्ट्रिज आणि पाते यंत्राच्या बिलातच घालून घ्यावे.