वकीलपत्रावर नाव माझे, सही दुसऱ्याची

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात मी गेली बरीच वर्षे वकिली करतो. वाटणीचे दावे, बांधाचे वाद, पोटगी, न वटलेले धनादेश आणि गळीत हंगाम सुरू झाला की ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांवरील मोटार वाहन कायद्याचे खटले, असे तालुक्याच्या ठिकाणी येते ते सर्व काम मी करतो. याच शेवटच्या प्रकारच्या खटल्यांत माझे नाव आणि सनद क्रमांक (वकिलाच्या नोंदणीचा क्रमांक) वापरून एका इसमाने अनेक ट्रॅक्टरमालकांकडून पैसे उकळले. तपास सुरू असल्यामुळे त्याचे नाव येथे लिहीत नाही. मात्र त्याची पद्धत सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण असे लोक बहुतेक प्रत्येक न्यायालयाच्या फाटकाबाहेर आढळतात.

हा इसम वकील नव्हता. न्यायालयाबाहेर त्याचे टंकलेखनाचे टेबल होते आणि आमच्यापैकी अनेकांच्या नोटिसा व प्रतिज्ञापत्रे तेथेच टाइप होत असल्यामुळे कोणाची सही कशी, कोणाचा सनद क्रमांक काय, कोणते न्यायाधीश कधी रजेवर आहेत, हे सर्व त्याला ठाऊक असे. समन्स हाती पडले की बीडकडून आलेला चालक ते मुकादमाला दाखवी, मुकादम मालकाला कळवी आणि मालक न्यायालयाच्या आवारात शिरण्यापूर्वीच या टेबलापाशी थांबे. मग त्यांच्यादेखत ‘साहेबांना’ फोन लावला जाई. पलीकडून बोलणारा कोण असे, हे अद्याप निष्पन्न झालेले नाही. तो मी नव्हतो, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. त्यानंतर वकिलाची फी, दंड आणि ‘आतला खर्च’ असे तीन आकडे मांडून एका खटल्याचे पंचवीस हजार रुपयांपर्यंत मागितले जात. आतला खर्च म्हणजे काय, असे कोणीही विचारत नसे. न्यायालयाविषयी ग्रामीण माणसाच्या मनात जी धास्ती आणि जो गैरसमज असतो, त्यावरच हा शब्द खपत होता.

आता प्रत्यक्ष कायदा काय सांगतो ते पाहावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना वाहन चालविल्यास चालकाला पाच हजार रुपये, अशा व्यक्तीच्या हाती वाहन दिल्याबद्दल मालकाला पाच हजार रुपये आणि विमा नसल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार रुपये दंड आहे. या कलमांत कारावासाचीही तरतूद आहे, पण साध्या प्रकरणांत बहुधा दंडावरच निभावते. आरोपीने स्वतः उभे राहून गुन्हा कबूल केला, तर दंड न्यायालयातच भरला जातो आणि त्याची पावती मिळते. यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही. स्वतः वकील असूनही हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण असे खटले घेऊन आलेल्या पक्षकाराला मीही बहुधा हेच सांगतो.

शेजारच्या तालुक्यातील एक ट्रॅक्टरमालक चालकाच्या नावाने निघालेले जामीनपात्र वॉरंट घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा हा प्रकार उघड झाला. ‘वकीलसाहेब, फोनवर आमच्याशी बोलणारे तुम्हीच ना?’ असा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. त्यांच्याकडील वकीलपत्राच्या, म्हणजे वकिलाला खटला चालवण्याचा अधिकार देणाऱ्या कागदाच्या, प्रतीवर माझे नाव आणि सनद क्रमांक अचूक होता, सही मात्र माझी नव्हती, आणि अधिवक्ता कल्याण निधीचे तिकीट चिकटवलेले नसून झेरॉक्समध्येच उमटलेले होते. सोबत ‘लोकअदालत निकालपत्र’ असे शीर्षक असलेला, गोल शिक्का मारलेला एक कागद होता. त्यावर ना खटल्याचा क्रमांक होता, ना पॅनेलच्या सदस्यांच्या सह्या. मी रोजनामा, म्हणजे खटल्यात प्रत्येक तारखेला काय झाले याची न्यायालयातील नोंद, पाहिला. प्रत्येक तारखेला ‘आरोपी गैरहजर’ एवढीच नोंद होती आणि आरोपीतर्फे कोणतेही वकीलपत्र दाखल झालेले नव्हते. म्हणजे त्या टेबलावर दिलेल्या पैशांतून न्यायालयापर्यंत एक कागदही पोहोचला नव्हता. आम्ही त्याच दिवशी अर्ज देऊन वॉरंट रद्द करून घेतले आणि दंड भरून खटला संपवला. भरलेली एकूण रक्कम त्या इसमाने घेतलेल्या पैशांच्या निम्मीही नव्हती.

पैशांचे नुकसान सोसता येते. दुसऱ्या एका प्रकरणात झाले ते त्याहून गंभीर होते. रात्रीच्या वेळी उसाने भरलेल्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकली आणि स्वाराचा पाय मोडला. घटना जुलै २०२४ पूर्वीची असल्यामुळे चालकावर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि ३३८ (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणे) खाली गुन्हा दाखल झाला. या दोन्ही कलमांत दंडाची कमाल मर्यादा प्रत्येकी एक हजार रुपये होती. या इसमाने ‘तडजोडीचे’ म्हणून अठरा हजार रुपये घेतले आणि चालकाला पढवले की, न्यायाधीशसाहेबांनी विचारले की फक्त ‘कबूल आहे’ म्हणायचे, बाकी सगळे ठरलेले आहे. चालकाने तसे सांगितले, दंड झाला, तो भरलाही गेला आणि सर्वांना प्रकरण मिटल्यासारखे वाटले.

पुढे जखमी स्वाराने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा दाखल केला, तेव्हा त्या कबुलीची नक्कल पुराव्यात आली. वास्तविक या अपघातात लढण्यासारखे बरेच काही होते. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होते की नव्हते, मोटारसायकलचा वेग किती होता, पंचनाम्यातील खुणा काय सांगतात, हे सर्व तपासले गेले असते, तर स्वाराचाही काही निष्काळजीपणा सिद्ध करून मालकावरील भार कमी करता आला असता. आता चालकाची बिनशर्त कबुली नोंदलेली आहे, आणि कबुलीवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध शिक्षेचे प्रमाण व तिची कायदेशीरता यापलीकडे अपिलाला वाव राहत नाही. त्यातच चालकाच्या परवान्याची मुदत संपलेली होती, त्यामुळे विमा कंपनीने भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होण्याची शक्यता त्या मालकावर टांगती राहिली आहे. हेल्मेटच्या चलनाचा खटला आणि अपघाताचा खटला दिसायला एकाच समन्सच्या कागदावर येतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. पहिल्यात वकिलाशिवाय चालते. दुसऱ्यात वकिलाशी समोरासमोर बोलल्याखेरीज तोंडही उघडू नये.

येथे आमच्या व्यवसायाविषयीही लिहिले पाहिजे. अशा माणसांना फाटकाबाहेर जागा मिळते, कारण आमच्यापैकी काही जण त्यांनी आणलेली कामे स्वीकारतात आणि त्यांना त्यातला वाटा देतात. दलालांची यादी न्यायालयात प्रसिद्ध करण्याची व त्यांना शिक्षा करण्याची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता कायद्यातच आली. दंडाची मर्यादा मात्र पाचशे रुपयेच आहे, तीन महिन्यांपर्यंतचा कारावास असला तरी. पंचवीस हजार घेणाऱ्या माणसाला पाचशे रुपयांचा धाक वाटेल, असे मला वाटत नाही. माझी तक्रार फसवणूक आणि बनावट दस्तऐवज या कलमांखाली दाखल झाली आहे, आणि बनावट वकीलपत्रांच्या प्रती मी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिललाही पाठवल्या आहेत.

ज्यांच्यावर असा खटला आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागावा. सोळा अंकाक्षरांचा हा क्रमांक ई-कोर्ट्सच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि खटल्याची स्थिती घरबसल्या दिसते, आणि ‘केस मिटली’ असे सांगितल्यावरही तेथे प्रलंबित दिसत असेल, तर ती मिटलेली नाही. वकीलपत्रावर सही वकिलाच्या कार्यालयात, वकिलासमोरच करावी. लोकअदालतीसाठी कोणतेही शुल्क नसते, तेव्हा तेथील ‘फी’ मागणाऱ्याला तेथूनच परत पाठवावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि मर्यादित उत्पन्न असलेले पक्षकार यांना तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. ऊसतोडीसाठी आलेल्या किती चालकांना हे कोणी सांगितले असेल?

माझ्या नावाचे वकीलपत्र ज्यांच्याकडे आहे आणि जे मला कधी भेटलेले नाहीत, त्यांनी ते कागद आणि समन्स घेऊन न्यायालयाच्या कामकाजाच्या दिवशी वकील कक्षात यावे. रोजनामा पाहून खटल्याची खरी स्थिती मी सांगेन. त्याचे पैसे घेणार नाही. पोलिसांना जबाब देण्यास जे तयार असतील, त्यांनी पैसे दिल्याच्या मोबाइल व्यवहाराच्या नोंदी पुसू नयेत, कारण रोख दिलेल्यांच्या तक्रारींना आज तोच एक आधार उरला आहे.