तंबाखूचे ७५ डॉलर

एकूण ५९८ डॉलर गेले. नवऱ्याला अजून ४००च सांगितलेत.

मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात ऑजिब्वे या नेटिव्ह, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी, जमातीच्या बायकांनी केलेली मण्यांची खांद्याची पिशवी पाहिली आणि वेड लागलं. वेली, पानं, फुलं, मणी मोहरीएवढे. आमची आजी मण्यांची तोरणं करायची, सुई मला नवी नाही. त्यात 'पारंपरिक अनिशिनाबे मणीकाम, सहा शनिवार, ऑनलाइन' अशी जाहिरात दिसली. अनिशिनाबे म्हणजे ऑजिब्वे आणि त्यांचे भाऊबंद. ३६० फी, साहित्याचे १४५, टपालाचे १८. भरले.

मग बाईंचा निरोप आला. शिकवणाऱ्याला आधी तंबाखू द्यायची रीत आहे, त्याचे ७५ पाठवा. रीत खरीच आहे, मी वाचली होती. म्हणून तर फसले! ती तंबाखू, असेमा, शिकणाऱ्याने आपल्या हाताने द्यायची असते. तिचं बिल येत नसतं हो! पण माझ्या डोक्यात गुरुदक्षिणा. भक्तिभावाने मोबाईलवरून पाठवले. ऑफिसात माझ्यासमोर लीच लेक या त्यांच्या राखीव भागातली ऑजिब्वे मैत्रीण बसते, तिला एका शब्दाने विचारलं नाही. ओळख करून देताना कूळ आणि गाव सांगायची त्यांची पद्धत, अगदी आपल्यासारखी. या बाईने दोन्ही सांगितलं नव्हतं. तुम्ही आधी तेच विचारा.

खोक्यात धुरी दिलेलं कातडं येणार होतं, आलं रेक्झिन. धुराचा वास नाही, गोंदाचा भपकारा. नमुन्याचं फूल उलटून पाहिलं. हे काम दोन सुयांचं: एकीत मणी ओवायचे, दुसरीने दर दोन-तीन मण्यांमागे टाका घालून ती ओळ कापडाला बसवायची. माझ्या फुलामागचं फेल्ट सोललं, तर एकही टाका नाही, नुसता गोंद. नमुन्याची पाठ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्या शनिवारी 'कॅमेरा बिघडलाय', दुसऱ्या शनिवारी जुनी चित्रफीत, तिसऱ्या शनिवारी नंबर बंद.

नेटिव्ह नसलेल्याची वस्तू नेटिव्हची म्हणून विकणं गुन्हा आहे, १९९०चा कायदा आहे. त्या कायद्याच्या तक्रारी घेणाऱ्यांना फोन केला. "तुम्ही इंडियन का?" म्हणे. हो, साताऱ्याची! पंधरा मिनिटं त्यातच गेली. मग म्हणाले, क्लास ही वस्तू नाही. बरं, नमुना? तो विकलेला नाही, साहित्याबरोबर आलाय. पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरायला लावून एक क्रमांक हातात ठेवला, त्याला सात आठवडे झाले. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, चोरी कुठे झाली? आणि त्या ७५ची तर तक्रारच घेत नाहीत. पाठवताना कारणाच्या रकान्यात मी स्वतःच 'भेट' लिहिलं होतं.