आजव्याशेजारी मनातलं बडोदे: ‘प्लॅनेट कोस्टर’ कितपत कामाचा?

बडोद्याजवळ आजव्याच्या मनोरंजन पार्काला जाऊन आलेला बडोदेकर सहसा दोन गोष्टी घेऊन घरी येतो: ओले कपडे आणि “इथे हे असतं तर काय मजा आली असती” अशी एक यादी. ती यादी कागदावरून उचलून डोळ्यांसमोर उभी करायची, तर सध्या हाताशी असलेलं सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे ‘प्लॅनेट कोस्टर’ हा संगणकावरचा खेळ. फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचा हा खेळ नोव्हेंबर 2016 मध्ये आला आणि दुसरा भाग नोव्हेंबर 2024 मध्ये. इथे खेळ म्हणून त्याची चव घ्यायची नाही. बडोद्याचं स्वतःचं असं एखादं थीम पार्क आखायला तो किती उपयोगी पडतो आणि कुठे फसवतो, तेवढंच पाहायचं आहे.

सुरुवात सँडबॉक्समध्ये, म्हणजे पैशांचं आणि उद्दिष्टांचं बंधन नसलेल्या प्रकारात, करा. करिअरमधली उद्दिष्टं आणि पैशांची चणचण या कामात नुसती आडवी येतात. सपाट मैदान निवडा आणि इमारतींना हात लावण्याआधी जमीन घडवा. जमीन इथे मातीच्या गोळ्यासारखी वागते: वर ओढता येते, कोरता येते, आरपार बोगदाही काढता येतो. एका टोकाला पावागडाचा उंचवटा आणि मधून विश्वामित्रीचं वळणदार पात्र एवढं झालं की बाकीचा नकाशा आपोआप सुचत जातो. नदी आधी सरळ काढून मग वळवायच्या फंदात पडू नका, काठ करवतीसारखे दातेरी होतात. लहान ब्रशने वळणंच कोरा आणि शेवटी एकदाच गुळगुळीत करा.

प्रवेशद्वारासाठी बडोद्याच्या जुन्या शहरातल्या मांडवीसारखी दुसरी इमारत सापडणार नाही. चौकोनी मंडप आणि प्रत्येक बाजूला तीन कमानी ही रचना या खेळासाठीच केल्यासारखी वाटते, कारण इथल्या भिंतींचे तुकडे चार मीटर रुंद आणि चार मीटर उंच चौकटीत बसतात. म्हणजे तीन बाय तीनचा चौकोन, बाजू बारा मीटर, आणि मधून आडवा-उभा रस्ता. गडबड होते ती क्रमात. बरेच जण आधी मंडप उभारतात आणि मग त्यातून रस्ता काढायला जातात. रस्ता तिरका बसतो आणि खांब पायवाटेत येतो. इमारतीची चौकट पहिल्या तुकड्याच्या दिशेने ठरते, म्हणून रस्ता आधी, पहिली भिंत त्याला समांतर, आणि बाकी सगळं मागाहून.

दुसरी अडचण छपरांची. चौकटीत बसणारे तुकडे आणि मोकळे तुकडे एकाच इमारतीत मिसळले की तो अख्खा गट फक्त उभ्या अक्षाभोवती फिरतो, कलता होत नाही. छत्री, घुमटी, कलता झरोका यांचा गट म्हणून वेगळाच ठेवावा, त्यात एकही भिंत नको. हे माहीत नसल्यामुळे लोक तासभर केलेली घुमटी मोडून पुन्हा बांधतात.

मराठी वाड्याचे किंवा बडोद्याच्या लक्ष्मी विलास महालाच्या धाटणीचे तयार तुकडे मात्र खेळात नाहीत. परीकथा, चाचे, विज्ञानकथा, वेस्टर्न असा मूळ संच आहे. यातून वाडा काढायचा तर वेस्टर्नमधलं लाकूड घ्या, रंग गडद करा आणि खांबांवर मूळ आकारांचे छोटे तुकडे रचून नक्षी बनवा. महालाचं तसं नाही. 1890 मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू मेजर मँटने आखली आणि पुढे चिझमने तडीस नेली. घुमट, छत्र्या, कमानी आणि युरोपीय मनोरे यांची ती सरमिसळ तयार तुकड्यांतून नीट येतच नाही, ओढूनताणून केलेली वाटते. पूर्ण महालाच्या नादी लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एक दर्शनी भाग, एक मनोरा, बाकी झाडं. ज्यांना त्रिमितीय मॉडेल बनवता येतं त्यांच्यासाठी थीममेकर्स टूलकिट आहे. त्यातून स्वतःचे तुकडे खेळात आणता येतात.

पाट्या मराठीत हव्या असतील तर खेळातल्या सुट्या अक्षरांचा उपयोग नाही, ती रोमन आहेत. देवनागरी मजकूर चित्र म्हणून तयार करा, खेळाच्या ‘युझर मीडिया’ फोल्डरमध्ये चित्रांच्या जागी ठेवा आणि मग तो बिलबोर्डवर लावा. चित्राचं लांबी-रुंदीचं प्रमाण बिलबोर्डइतकंच ठेवा, नाहीतर काना-मात्रा चेपतात. बारीक रेषांचा फाँट लांबून दिसत नाही आणि रफार-वेलांटी तर सगळ्यात आधी गायब होते. जाड फाँट आणि वर-खाली सढळ मोकळी जागा ठेवा. असंच स्वतःचं संगीतही घालता येतं. सनई-चौघडा प्रवेशद्वारापाशीच ठेवा, सगळीकडे नको, दहा मिनिटांत डोकं उठतं.

आता गाड्यांकडे येऊ. बडोद्याच्या पार्कात पहिला मान डभोईचा. 1862 मध्ये गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग टाकला आणि त्यावर गाडी ओढायला बैल जुंपले. पुढच्याच वर्षी इंजिनं आली, पण रूळ फार हलके होते. पुढे जड रूळ पडले आणि 1880 पासून इंजिनं नियमित धावू लागली. ही हकिगतच एका फेरीसारखी आहे. पहिला भाग बैलांचा आणि संथ, मग हलक्या रुळांवर डुगडुगणारं इंजिन, मग शिट्टी आणि वेग. खेळातल्या वाहतुकीच्या गाड्यांमध्ये वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी आहे, ती घ्या. रुळांवर ट्रिगर लावून ठरावीक जागी आवाज, धूर आणि दिवे चालू करता येतात. बैल मात्र बाहेरून बनवून आणावे लागतील. प्रत्यक्षात असं काही करायचं झालं तर साधारण 400 मीटरचा वेढा आणि ताशी 8 किलोमीटर वेग धरला की फेरी तीन मिनिटांची होते. आजी-आजोबांना आणि तान्ह्या मुलांना हीच फेरी लागते, आणि अशा याद्या करणारे बहुतेक लोक नेमके त्यांनाच विसरतात.

पावागडाचा कोस्टर करताना उंचीचा मोह आवरा. 18 मीटरच्या उतारावर घर्षण सोडलं तर वेग ताशी 67 किलोमीटरच्या आसपास जातो; घरच्या सगळ्यांना घेऊन बसायला तेवढा पुष्कळ झाला. खरी चूक वळणांत होते. सेकंदाला 15 मीटर वेगाने 20 मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर बाजूचा जोर गुरुत्वाच्या 1.15 पट येतो. रूळ सपाट ठेवले तर माणूस कडेला आपटतो, आणि खेळातला चाचणीचा नकाशा ती जागा लाल करून दाखवतो. तिथे रुळांना सुमारे 49 अंशांचा कल दिला की तोच जोर आसनात खाली जातो. कल वळण सुरू व्हायच्या आधीपासून हळूहळू द्यायला हवा, एकदम दिला तर मान लचकते. लूप घालायचाच असेल तर वर्तुळ काढू नका. पूर्ण गोल लूपमध्ये माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी वजनाच्या सहापट जोर बसतो. म्हणून खरे लूप थेंबाच्या आकाराचे असतात, वर लहान त्रिज्या आणि खाली मोठी.

‘स्मूथ’ बटण अख्ख्या मार्गावर एकदम फिरवण्याची सवय वाईट. त्याने चढाची साखळी असलेला सरळ भागही किंचित वाकतो आणि ठरवलेली उंची हलते. चार-पाच तुकडे निवडून तेवढेच गुळगुळीत करावेत. पावागडावरच्या सात कमानींतून रूळ न्यायची कल्पना सगळ्यांनाच सुचते आणि दिसतेही झकास. पण त्यासाठी ‘कोलिजन’ (वस्तू एकमेकींत घुसू न देणारी सोय) बंद केलं की खेळ चूक दाखवणंच थांबवतो. बसलेल्या उंच माणसाने हात वर केला तर बोटं आसनापासून दीड मीटरपर्यंत जातात. त्यावर आणखी निदान अर्धा मीटर मोकळा सोडूनच कमान ठेवा.

दोन गाड्या चालवायच्या असतील तर मार्गाचे किमान तीन भाग पाडावे लागतात: स्थानक, चढ आणि शेवटचा ब्रेक. एका भागात एका वेळी एकच गाडी. नेहमी गाड्यांपेक्षा एक भाग जास्त. नव्याने करणारे शेवटचा ब्रेक विसरतात आणि दुसरी गाडी घेता का येत नाही म्हणून डोकं धरून बसतात. शिवाय चढाला 70 सेकंद लागत असतील तर त्याहून कमी अंतराने गाडी सुटूच शकत नाही, बाकी मार्ग कितीही चपळ असो.

इथपर्यंत खेळ इमानदार आहे. रांगेपाशी तो लबाडी करतो. त्यातले पाहुणे झटकन बसतात. आपल्याकडे चपला काढा, ओढणी आवरा, मोबाइल काकांकडे द्या, मग काका कुठे गेले ते शोधा. 24 आसनांची गाडी दर 90 सेकंदांनी सुटते असं धरा, म्हणजे तासाला 960 माणसं. पाऊण तासाची रांग म्हणजे 720 माणसं. दोघं शेजारी आणि प्रत्येक जोडीला पाऊण मीटर दिला तर रांग 270 मीटर लांब होते. दोन मीटर रुंदीने मोजलं तर 540 चौरस मीटर सावली हवी. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन ठाऊक असलेल्याला या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको. रांग आखताना छप्पर, पंखे आणि पाण्याचे नळ स्वतः मांडून पाहा, त्यांना किती जागा लागते ते तेव्हाच कळतं.

विश्वामित्रीची होडी हे या आराखड्यातलं सगळ्यात मोठं आकर्षण व्हायला हवं. शहराच्या मधोमध मगरी नांदणारी नदी किती गावांच्या नशिबी असते? संथ पात्र, काठावर निपचित पडलेल्या मगरी (तिसरी अचानक जबडा उघडते), पुलाखालून अंधार आणि मग 12 मीटरची घसरण, ताशी साधारण 55 किलोमीटर. प्रेक्षकांची पायवाट तुषारांच्या टप्प्यातच ठेवा, भिजायला लोक आपणहून येतात. खाण्याची टेबलं मात्र लांब.

खेळ न सांगणारी गोष्ट पाण्याची आहे. दीड मीटर रुंद, अर्धा मीटर खोल आणि 300 मीटर लांब पात्रात सव्वादोन लाख लिटर पाणी मावतं. रात्री पंप थांबले की वरच्या भागातलं पाणी उतरून खालच्या टाकीत येतं. टाकीत तेवढी रिकामी जागा नसेल तर ते पायवाटेवर येतं आणि सकाळी टाकी पुन्हा भरत बसावी लागते. दुसऱ्या भागात पाणी गाळायची आणि विजेची यंत्रणा जोडावी लागते, त्यामुळे निदान एवढं कळतं की पंपघरालाही जागा लागते. पहिल्या भागात तेही नाही. काळ्या मातीचा तर दोन्हींना पत्ता नाही: पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन खांबांचा पाया हलवते. आणि 2019, 2024 मध्ये विश्वामित्रीने काय केलं ते आठवत असेल तर मोटारी आणि विजेचे पॅनल तळघरात ठेवायचं चित्र कोणी काढणार नाही.

बंद जागेतल्या फेरीसाठी तांबेकर वाडा घ्यावा. रावपुऱ्यातल्या या वाड्याच्या भिंतींवर 19व्या शतकातली चित्रं आहेत, कृष्णलीलेपासून इंग्रज-मराठ्यांच्या लढाईपर्यंत. प्रत्येक दालनात एक भिंत, एक दिवा, एक आवाज. दिवे कमी ठेवा. खेळात दिव्यांची संख्या वाढली की चित्र अडखळायला लागतं, आणि पाहुणे काही हजारांवर गेले की चांगला संगणकही दमतो. बांधकाम चालू असताना पाहुण्यांची मर्यादा अगदी कमी करून ठेवा.

खाऊगल्लीत दुकानं बर्गर-पिझ्झाच्या थाटाचीच मिळतात. दुकान आत लपवून बाहेरून शेव-उसळीच्या गाड्याचा दर्शनी भाग बांधता येतो, पातेलं आणि तरीची वाटीसुद्धा. पाहुण्यांच्या हातात शेवटी बर्गरच दिसतो, याला इलाज नाही.

कोणता भाग घ्यावा? इमारती, पाट्या आणि गाड्या यांच्यासाठी पहिला. तो सवलतीत बराच स्वस्त मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. तरणतलाव आणि घसरगुंड्या हव्याच असतील तर दुसरा. मराठी किंवा हिंदी मेनू नाहीत, म्हणून शाळकरी मुलांबरोबर पहिले दोन दिवस कोणीतरी मोठं बसावं.

नवरात्राचं मैदान मात्र कोणत्याच भागात जमत नाही. मध्यभागी मांडवी, भोवती दिव्यांचे फेर, संगीत आणि ठेक्यावर पेटणारे रंग हे सगळं सीक्वेन्सरने (दिवे-आवाज ठरावीक क्रमाने चालवणाऱ्या खेळातल्या सोयीने) छान बसतं. पाहुणे येतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि प्रत्येक जण आपापल्या जागी उभा राहून डोलतो. फेर धरत नाहीत.